भाड्याच्या घरातील ओल आणि बुरशी: आधी कारण, मग उपाय

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत सरासरी सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस नोंदला जातो. या काळात हवेतील सापेक्ष आर्द्रता बहुतेक दिवस ८० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. मीठ सादळते, कपाटातील चामड्याच्या वस्तूंवर पांढुरका थर चढतो आणि भिंतींच्या कोपऱ्यांत काळे-हिरवट ठिपके दिसू लागतात. स्वतःच्या घरात हा देखभालीचा प्रश्न असतो. भाड्याच्या घरात मात्र तोच प्रश्न वादाचे कारण ठरतो. घर गळते, असे भाडेकरू म्हणतो. खिडक्या उघडत नाहीत म्हणून ओल येते, असे घरमालक म्हणतो. घर सोडताना रंगकामाचा खर्च अनामत रकमेतून कापला जातो आणि ओल नव्या भाडेकरूच्या वाट्याला येते.

दोघांचेही म्हणणे खरे असू शकते, कारण ओल एकाच प्रकारची नसते. पाणी कोठून येते हे निश्चित झाल्याशिवाय उपायही ठरत नाही आणि जबाबदारीही ठरत नाही. बुरशी पुसणे किंवा तिच्यावर रंग देणे हा या क्रमातील शेवटचा टप्पा आहे, पहिला नव्हे.

बुरशी का वाढते?

बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात आणि कोणतेही घर त्यांपासून पूर्णपणे मुक्त ठेवता येत नाही. अनुकूल पृष्ठभाग मिळाला की ते रुजतात. त्यासाठी अन्न आणि ओलावा या दोन गोष्टी पुरेशा असतात. लाकूड, प्लायवूड, कागद, कापड, चामडे, रंगातील सेंद्रिय घटक आणि भिंतीवरील धूळ हे बुरशीचे अन्न होय. ते घरातून हटविणे शक्य नसते. नियंत्रण ठेवता येते ते केवळ ओलाव्यावर.

घरातील सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, शक्य झाल्यास ३० ते ५० टक्क्यांदरम्यान ठेवावी, अशी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची शिफारस आहे. कोकण, गोवा किंवा केरळच्या पावसाळ्यात यंत्राच्या साहाय्याशिवाय हे प्रमाण गाठणे कठीण असते. तथापि, त्याच संस्थेचा दुसरा नियम येथेही पाळता येतो. भिजलेली वस्तू किंवा पृष्ठभाग २४ ते ४८ तासांत कोरडा केल्यास बुरशी सहसा वाढत नाही.

ओलीचे चार स्रोत

पहिला स्रोत म्हणजे पावसाचे पाणी. बाहेरील गिलाव्याला गेलेले तडे, खिडकीच्या चौकटीभोवतीच्या फटी, गच्चीवरील खराब झालेला जलरोधक थर आणि तुंबलेले पन्हळ यांतून ते आत झिरपते. पश्चिम किनाऱ्यावर नैऋत्य मोसमी वाऱ्यांची झड ज्या भिंतींवर बसते, त्या पश्चिम आणि दक्षिण दिशेच्या भिंती प्रथम ओल्या होतात. या ओलीचा डाग पावसाबरोबर वाढतो आणि उघडीप पडल्यावर हळूहळू फिका होतो.

दुसरा स्रोत नळ आणि सांडपाण्याच्या वाहिन्यांचा. वरच्या मजल्यावरील न्हाणीघर किंवा शौचालयाखालील छतावर दिसणारा डाग बहुधा या प्रकारातील असतो. त्याचा पावसाशी संबंध नसतो. एप्रिल-मे महिन्यांतही तो ओला राहतो.

तिसरा स्रोत जमिनीचा. तळमजल्यावरील भिंती जमिनीतील पाणी शोषून घेतात. जमिनीपासून साधारण कमरेच्या उंचीपर्यंत आडवा पट्टा दिसतो, गिलाव्याचे पोपडे सुटतात आणि क्षारांचा पांढरा थर जमतो. यालाच भिंतीला लोणा लागणे म्हणतात. कोकणातील जुन्या घरांचे उंच जोते, पुढे काढलेली वळचण आणि पावसाळ्यापूर्वी भिंतींना बांधले जाणारे नारळाच्या झावळ्यांचे झाप यांमागे पाणी भिंतीपर्यंत पोहोचूच न देण्याचा विचार होता. सपाट गच्चीच्या आणि अरुंद छज्जाच्या काँक्रीट इमारतींत हे संरक्षण कमी झाले आहे.

चौथा स्रोत घरातच निर्माण होणारे बाष्प. स्वयंपाक, आंघोळ, श्वासोच्छ्वास आणि घरात वाळत घातलेले कपडे यांतून ते हवेत मिसळते. स्वयंपाकाचा गॅस जळतानाही पाणी तयार होते, याकडे सहसा लक्ष जात नाही. एक किलो गॅस जळाल्यावर सुमारे दीड किलोहून थोडे अधिक पाणी बाष्परूपाने बाहेर पडते. म्हणजेच १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत २२ लिटरच्या आसपास पाणी स्वयंपाकघरातील हवेत मिसळलेले असते. भांड्यांतून निघणारी वाफ यात धरलेली नाही. हे बाष्प थंड पृष्ठभागावर पाण्याच्या रूपाने साकळते. कोपरे, खिडक्यांच्या कडा, भिंतीला चिकटवून ठेवलेल्या कपाटांच्या पाठी या जागी बुरशी आधी दिसते. तिचे ठिपके विखुरलेले असतात. झिरपलेल्या पाण्याच्या डागाला मात्र पिवळसर किंवा तपकिरी कडा असते.

साधी चाचणी

ओल भिंतीतून येते की खोलीतील हवेतून, हे ओळखण्यासाठी एक सोपी चाचणी घरीच करता येते. संशयित भागाचा पृष्ठभाग कोरडा पुसून घ्यावा. त्यावर साधारण एक फूट लांबी-रुंदीचा ॲल्युमिनियम फॉइलचा किंवा जाड प्लास्टिकचा तुकडा ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. एक ते दोन दिवसांनी तो काढून पाहावा. भिंतीकडील बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतून येत आहे. खोलीकडील बाजूवर दव जमले असेल तर ओल हवेतील बाष्पाची आहे. दोन्ही बाजू ओल्या असतील तर दोन्ही कारणे संभवतात.

या चाचणीची तारखेसह छायाचित्रे ठेवावीत. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढून शेजारी तारीख लिहिल्यास डाग वाढतो की स्थिर आहे, हेही कळते. पुढे मालकाशी किंवा गृहनिर्माण संस्थेशी पत्रव्यवहार करताना अशा नोंदी उपयोगी पडतात. खोलीतील आर्द्रता दाखविणारे लहान आर्द्रतामापकही बाजारात अल्प किमतीत मिळते.

खिडकी उघडावी की बंद ठेवावी?

हवा खेळती ठेवा, हा सल्ला सर्वत्र दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. बाहेरची हवा आतील हवेपेक्षा कोरडी असेल, तेव्हाच खिडकी उघडल्याने घर कोरडे होते. मुंबईत जुलैमधील मुसळधार पावसाच्या दिवशी बाहेरची हवा जवळजवळ संपृक्त असते. त्या वेळी दिवसभर उघड्या ठेवलेल्या खिडकीतून ओलावाच आत येतो. मात्र स्वयंपाक किंवा आंघोळ सुरू असताना, आणि त्यानंतर काही काळ, खिडकी उघडी ठेवणे किंवा हवा बाहेर फेकणारा पंखा चालविणे आवश्यक असते. कारण त्या वेळी आतील बाष्प बाहेरच्यापेक्षा अधिक असते. पाऊस उघडून ऊन पडले की घर पूर्ण उघडावे. छताच्या पंख्याने हवेतील बाष्प कमी होत नाही, परंतु भिंती आणि कपडे लवकर सुकतात.

वातानुकूलन यंत्र वापरणाऱ्या घरांत वेगळी अडचण येते. बाहेर तापमान ३० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल, तर त्या हवेचा दवबिंदू सुमारे २६ अंश असतो. याचा अर्थ असा की, २६ अंशांहून थंड असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर त्या हवेतील बाष्पाचे पाणी होते. यंत्र २० किंवा २२ अंशांवर चालवून नंतर खिडक्या उघडल्या, तर थंडावलेल्या भिंती आणि गाद्या ओल्या होतात. वातानुकूलित खोलीला लागून असलेल्या दुसऱ्या खोलीतील भिंतीवर बुरशी दिसते, तीही याच कारणाने. यंत्र चालू असताना दारे-खिडक्या बंद ठेवणे, तापमान २५-२६ अंशांच्या खाली न नेणे आणि यंत्रातील हवा कोरडी करण्याची सोय वापरणे हे त्यावरील उपाय होत.

देशाच्या अन्य भागांत या प्रश्नाचे स्वरूप बदलते. चेन्नईत मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे पडतो, त्यामुळे भिंतींच्या दुरुस्तीचे वेळापत्रकही निराळे असते. दिल्ली आणि उत्तर भारतात मे महिन्यातील कोरड्या हवेत उपयुक्त ठरणारा पाण्याचा कूलर जुलैच्या दमट हवेत घरातील ओल वाढवितो. तेथे हिवाळ्यात बंद खोल्यांतील बाष्प थंड भिंतींवर आणि काचांवर साकळते. त्या ऋतूत बाहेरील हवेत बाष्प कमी असल्याने दुपारी काही वेळ खिडक्या उघडल्यास लाभ होतो.

घरात करण्याजोगे उपाय

कपाटे आणि पलंग बाहेरील भिंतीपासून तीन-चार इंच दूर ठेवावेत. धुतलेले कपडे घरातच वाळवावे लागत असतील तर ते एका खोलीत, दार बंद करून आणि खिडकी किंचित उघडी ठेवून पंख्याखाली वाळवावेत. शयनगृहात ते टाळावेत. स्वयंपाक करताना भांड्यांवर झाकण ठेवावे. न्हाणीघराची फरशी आणि भिंती आंघोळीनंतर पुसून घ्याव्यात.

कपाटांत ठेवण्यासाठी कॅल्शियम क्लोराइडच्या ओलावा शोषणाऱ्या डब्या मिळतात. बंद कपाटात त्यांचा उपयोग होतो, उघड्या खोलीत नाही. डब्यात साठलेले पाणी खारट आणि दाहक असते. ते लहान मुलांपासून दूर ठेवावे. डांबराच्या गोळ्या कीटकांना दूर ठेवतात, परंतु ओलावा शोषत नाहीत. संपूर्ण खोली कोरडी करायची असल्यास विजेवर चालणारे आर्द्रता कमी करणारे यंत्र हाच परिणामकारक पर्याय आहे. ते चालवितानाही खिडक्या बंद ठेवाव्या लागतात.

बुरशी साफ करताना

ओलीचे कारण दूर झाल्यावर, किंवा निदान आटोक्यात आल्यावर, बुरशी काढावी. साधारण दहा चौरस फुटांपर्यंतचा भाग घरच्या घरी साफ करता येतो. त्याहून मोठ्या भागासाठी जाणकार कामगाराची मदत घ्यावी. रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि एन-९५ प्रकारचा मुखपट्टा वापरावा. कोरड्या बुरशीवर झाडू किंवा ब्रश फिरवू नये, कारण त्यामुळे बीजाणू खोलीभर पसरतात. भाग आधी ओला करून साबणाच्या पाण्याने घासावा आणि पूर्ण कोरडा करावा. ब्लीचचा नेहमीच्या सफाईसाठी आग्रह धरू नये. ते वापरल्यास शौचालय स्वच्छ करण्याच्या आम्लात किंवा अमोनियायुक्त द्रवात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निर्माण होतो.

फुगलेले प्लायवूड, कुजलेले जिप्समचे छत किंवा बुरशी आतपर्यंत शिरलेली गादी धुऊन वाचत नाही. अशा वस्तू बदलाव्या लागतात. ओल्या भिंतीवर रंग दिल्यास डाग काही आठवडे झाकला जातो आणि पुढे रंगासह पोपडे सुटतात. म्हणून बाहेरील भिंती आणि गच्चीचे जलरोधक काम पावसाळ्यापूर्वी, एप्रिल-मेमध्ये करून घेणे श्रेयस्कर ठरते. मुंबईत मोसमी पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून मानली जाते.

आरोग्याचा प्रश्न

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर किंवा बुरशी असलेल्या इमारतींत राहणाऱ्यांना श्वसनाचे विकार आणि दमा यांचा धोका अधिक असतो, असा निष्कर्ष त्यात आहे. बुरशीची अमुक इतकी मात्रा सुरक्षित, अशी कोणतीही मर्यादा संघटनेने ठरविलेली नाही. ओल टाळणे आणि आढळल्यास तिचे निवारण करणे, हाच उपाय तिने सांगितला आहे. लहान मुले, वृद्ध, दम्याचे रुग्ण आणि रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या व्यक्ती यांनी विशेष काळजी घ्यावी. घरात असताना वाढणारा आणि बाहेर गेल्यावर कमी होणारा खोकला किंवा शिंका यांबाबत डॉक्टरांना घरातील ओलीची माहिती द्यावी.

ओलीचा दोष राहणाऱ्यावर ढकलण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे इंग्लंडमधील एका घटनेने दाखवून दिले. रॉचडेल येथे भाड्याच्या सदनिकेत राहणारा अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये मरण पावला. घरातील बुरशीशी दीर्घकाळ संपर्क आल्याने झालेला श्वसनविकार हे त्याचे कारण असल्याचे नोव्हेंबर २०२२ मधील मृत्युचौकशीत निष्पन्न झाले. कुटुंबाने यापूर्वी तक्रारी केल्या होत्या. बुरशीवर रंग देण्याचा सल्ला त्यांना मिळाला होता. त्यानंतर २०२३ मध्ये कायदा झाला आणि सामाजिक गृहनिर्माणातील घरांसाठी त्याचे नियम २७ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमध्ये लागू झाले. गंभीर ओल किंवा बुरशीची तक्रार आल्यावर दहा कामकाजाच्या दिवसांत तपासणी आणि त्यानंतर पाच कामकाजाच्या दिवसांत घर सुरक्षित करणे मालक संस्थेवर बंधनकारक आहे. तातडीच्या धोक्यासाठी ही मुदत २४ तासांची आहे.

भारतातील कायदा काय सांगतो?

भारतात बुरशीसाठी अशी मुदत घालून दिलेला स्वतंत्र भाडेकायदा नाही. तथापि, दुरुस्तीविषयीच्या तरतुदी आहेत. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ नुसार, करारात वेगळे ठरले नसल्यास, मालकाने त्याच्यावर बंधनकारक असलेली दुरुस्ती सूचना मिळूनही वाजवी काळात केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मालकाला ठाऊक असलेला, परंतु भाडेकरूला सामान्य काळजी घेऊनही न कळणारा महत्त्वाचा दोष मालकाने उघड करावा, असेही हे कलम सांगते. दुसरीकडे, भाडेकरूनेही सर्वसाधारण झीज वगळता घर चांगल्या स्थितीत ठेवले पाहिजे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार घर राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. किमान १५ दिवसांची सूचना देऊनही दुरुस्ती न झाल्यास भाडेकरू ती करून घेऊ शकतो. एका वर्षात अशा रीतीने वळती होणारी रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असू शकत नाही. दिल्ली भाडे नियंत्रण अधिनियम, १९५८ मध्ये अशीच तरतूद असून तेथे मर्यादा एक द्वादशांश आहे. परंतु मासिक भाडे ३,५०० रुपयांहून अधिक असलेल्या जागांना तो कायदा लागू नाही.

मुंबई-पुण्यातील बहुसंख्य नवे व्यवहार लीव्ह अँड लायसन्स पद्धतीने होतात, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. असा परवानाधारक कायद्याच्या दृष्टीने भाडेकरू नसतो. त्याला कलम १४ चा आधार गृहीत धरता येत नाही. करारातील अटीच निर्णायक ठरतात. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५७ नुसार, परवानाधारकाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका पोहोचविणारा ज्ञात दोष मालकाने त्याला सांगणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात करार लेखी असणे आणि त्याची नोंदणी करणे कलम ५५ प्रमाणे सक्तीचे असून नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणीकृत करार नसल्यास, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, अटींविषयी जागा घेणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात कामांची वाटणी दिली आहे. इमारतीच्या रचनेची दुरुस्ती, भिंतींची रंगसफेदी आणि नळवाहिन्या बदलणे ही कामे मालकाकडे, तर नळाच्या चकत्या बदलणे आणि सांडपाण्याची मोरी साफ ठेवणे यांसारखी कामे भाडेकरूकडे आहेत. निवासी जागेसाठी अनामत रक्कम दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक असू नये, असेही त्यात म्हटले आहे. मात्र ज्या राज्याने या नमुन्यावर स्वतःचा कायदा केला असेल, तेथेच त्याचा लाभ मिळतो.

सहकारी गृहनिर्माण संस्थेतील घरासाठी तिसरा घटकही विचारात घ्यावा लागतो. महाराष्ट्रातील आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरील सामाईक नळ व सांडपाणी वाहिन्यांची गळती आणि गच्चीतून झिरपणाऱ्या पाण्याने सर्वांत वरच्या मजल्यावरील छताचे झालेले नुकसान यांची दुरुस्ती संस्थेने आपल्या खर्चाने करावयाची असते. सदनिकेच्या आतील उर्वरित कामे सभासदाची. संस्थेकडे तक्रार सभासद म्हणजे घरमालकाने करणे अपेक्षित असते. म्हणून भाडेकरूने मालकाला लेखी कळवून त्याच्यामार्फत पाठपुरावा करावा.

करार करताना आणि घर सोडताना

घर पाहण्यास शक्यतो पावसाळ्यात जावे. उन्हाळ्यात पाहिल्यास नव्या रंगाचा एखादाच पट्टा, कुबट वास, कपाटांची आतील पाठ, खिडक्यांखालील भिंत आणि न्हाणीघराचे छत यांकडे लक्ष द्यावे. शेजाऱ्यांकडे गळतीविषयी चौकशी करावी.

करारात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात. गळतीची आणि रचनेची दुरुस्ती कोणी करावयाची, ती कळविल्यापासून किती दिवसांत करावयाची, ती न झाल्यास भाड्यात सूट किंवा मुदतीपूर्वी घर सोडण्याची मुभा मिळेल काय, आणि घर सोडताना ओलीच्या डागांचा खर्च कोणत्या स्थितीत कापता येईल. ताबा घेताना प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढून ती मालकाला संदेशाने किंवा ई-मेलने पाठवावीत. राहत असताना डाग दिसताच त्याच दिवशी लेखी कळवावे. उशिरा कळविलेल्या गळतीमुळे वाढलेल्या नुकसानीची जबाबदारी भाडेकरूवर येऊ शकते.

घरमालकाच्या दृष्टीनेही हा व्यवहार हिताचा आहे. वेळीच बुजविलेला तडा किंवा बदललेली वाहिनी यांचा खर्च मर्यादित राहतो. दुर्लक्षित राहिलेले पाणी काँक्रीटमधील लोखंडी सळ्यांपर्यंत पोहोचले की त्या गंजून फुगतात आणि छताचे तुकडे सुटू लागतात. तेव्हा प्रश्न रंगकामाचा राहत नाही, इमारतीच्या सुरक्षिततेचा होतो. भिंतीवरील पहिला डाग ही त्याची पूर्वसूचना असते. ती मालक आणि भाडेकरू यांनी एकत्र पाहून नोंदविली, तर पुढील बहुतेक वाद टळू शकतात.